साक्षीची वेळ

नेवासे तालुक्यातल्या या लहानशा चर्चमध्ये आज हंगामाचा सण आहे. दाराला दोन्ही अंगांनी ऊस बांधलाय. वेदीपुढं बाजरीची कणसं, काशीभोपळे, अंड्यांची टोपली आणि पाय बांधलेला एक कोंबडा. पेटी सूर धरते, झांजा लागतात, ना. वा. टिळकांचं पद सुरू होतं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवीचा हात सोडला नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्या पंचक्रोशीत म्हणूनच प्रभूचे उपकार मानायला परका सूर शोधावा लागत नाही.

पाळकसाहेब १०७ वं स्तोत्र वाचतात. रानात वाट चुकलेले, कैदेत पडलेले, आजारानं मरणाच्या दाराशी पोचलेले, समुद्रावर वादळात सापडलेले. चौघंही संकटात हाक मारतात, देव त्यांना सोडवतो, मग स्तुती. संकट झाकून ठेवून इथं कुणीच स्तुती करत नाही. या स्तोत्राचं मला हेच फार मोल वाटतं.

आता साक्षी. डोक्यावरचा पदर सावरत एक बाई उठते.

“आषाढात पावसानं ओढ दिली. रातच्या लायटीला पोरगं कपाशीला पाणी द्यायला गेलं, अन् घोणस चावली.”

ती थांबते. कुणी घाई करत नाही.

“शेजारच्या दादानं गाडीवर मधी बसवून नेलं. डॉक्टरनं इंजेक्शनं दिली. मी पायरीवर बसून नुसतं प्रभू, प्रभू करत व्हते. तिसऱ्या दिशी पोरानं चहा मागितला.”

‘प्रभूची स्तुती असो!’ सगळी मंडळी एकदम म्हणते. दादा, डॉक्टर, प्रभू. तिघांचे उपकार ती एका दमात मानते, कुणाचाच वाटा कमी होत नाही. शेतातली वीज मात्र अजून रात्रीचीच येते. पोरगं पुन्हा अंधारात बांधावर जाणार, हे तिला ठाऊक आहे. ते ठाऊक असून ती उभी आहे, म्हणून तिची साक्ष मला आजच्या साऱ्या उपासनेहून मोठी वाटते.

बाहेर आवारात लिलाव लागतो. तिनं अर्पण केलेला पहिल्या वेचणीचा कापूस पाचशेला जातो. घेणारा तो पुन्हा चर्चलाच देतो, पुन्हा बोली लागते. गर्दीतून लंगडत पुढं येऊन तेच पोरगं हात वर करतं.

“सहाशे!”

“आरं, आपलाच कापूस हाय की त्यो!” आई ओरडते.

“सातशे,” शेजारचा दादा म्हणतो.

“सातशे एक वार,” पाळकसाहेब पुकारतात, “सातशे दोन वार...”

“आठशे!” पोरगं म्हणतं.