दुखावलेल्या मेंदूला विजेचा आधार

अपघातातून वाचलेला मनुष्य घरी येतो. टाके निघतात, जखमा भरतात, तो चालू-बोलू लागतो. भेटीस आलेले आप्त ‘आता अगदी ठणठणीत दिसता’ असे म्हणून समाधानाने परततात. घरच्यांना मात्र निराळेच दिसत असते. पूर्वी जो गृहस्थ गिऱ्हाइकाशी बोलता बोलता फोनवर भाव ठरवीत असे आणि त्याच वेळी मोजल्या जाणाऱ्या मालावरही नजर ठेवीत असे, त्याला आता एका वेळी एकच गोष्ट कशीबशी सांभाळता येते. वर्तमानपत्राचा रकाना संपण्यापूर्वी डोके थकते. मेंदूच्या दुखापतीचे हे रूप बाहेरून दिसत नाही आणि म्हणून त्यास आळस किंवा हट्ट समजले जाते. रुग्णावर होणारा हा दुसरा आघातच म्हणावा लागेल.

पहिली एक-दोन वर्षे सरली की जे सुधारायचे ते सुधारून झाले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. न्यूयॉर्क येथील वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. निकोलस शिफ यांनी या समजुतीस आव्हान दिले. त्यांचा विचार थोडक्यात असा : मेंदूच्या मध्यभागी ‘थॅलॅमस’ नावाची रचना आहे. तिच्यातील एक लहानसा भाग मेंदूच्या पुढील भागांना सतत जागे ठेवतो. डोक्याला जबर हिसका बसला की हा दुवा क्षीण होतो. पुढील भागांतील पुष्कळ पेशी जिवंत असतात, पण त्यांना पुरेशी चेतना मिळत नाही. घरातील दिवे शाबूत असावेत आणि विजेचा दाब उतरल्यामुळे ते मिणमिणावेत, तसा हा प्रकार. मग तो दाब बाहेरून पुरविला तर?

कंपवातासाठी मेंदूत बारीक तारा बसवून मंद वीज सोडण्याची पद्धत फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ पासून रूढ केली होतीच. तीच पद्धत वापरून २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एका ३८ वर्षीय रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मारहाणीत डोक्याला इजा होऊन तो सहा वर्षांहून अधिक काळ अर्धवट शुद्धीत होता. अन्न नळीवाटे द्यावे लागे. तारा बसविल्यावर तो वस्तूंची नावे सांगू लागला आणि तोंडाने घास चावून गिळू लागला. ज्या मातेने सहा वर्षे नळीने मुलाचे पोट भरले असेल, तिलाच या एका घासाचे मोल कळेल.

त्यानंतरचा महत्त्वाचा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. शिफ व शल्यविशारद डॉ. जेमी हेंडरसन यांनी केला. तो डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. येथील रुग्ण बेशुद्ध नव्हते. ते सावरले होते, तथापि एकाग्रता व निर्णयशक्ती हरवून बसले होते. दुखापतीस ३ ते १८ वर्षे लोटली होती. सहा जणांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी एकाला नियमपालन न झाल्याने वगळावे लागले. प्रत्येकाच्या मेंदूची संगणकीय प्रतिकृती करून तारेची नेमकी जागा ठरविण्यात आली आणि पेसमेकरसारख्या यंत्राद्वारे रोज १२ तास, ९० दिवस वीज देण्यात आली.

कसोटी साधी दिसते, पण नाही. कागदावर विखुरलेले अंक व अक्षरे १, अ, २, ब अशा आलटून-पालटून क्रमाने जोडावयाची. दोन मालिका एकाच वेळी ध्यानात ठेवण्याचे हे काम म्हणजे गल्ल्यावर बसणाऱ्याचे रोजचेच काम. १० टक्के सुधारणा झाली तरी यश मानायचे, असे आधी ठरले होते. प्रत्यक्षात पाचही जणांचा वेग १५ ते ५२ टक्क्यांनी सुधारला.

पुढे, कोणाचे यंत्र चालू व कोणाचे बंद हे रुग्णास न सांगता पडताळा घ्यावयाचा होता. तेव्हा दोघांनी साफ नकार दिला. यंत्र बंद होण्याचा धोकाच त्यांना नको होता! उरलेल्या तिघांपैकी एकाचे यंत्र बंद ठेवले गेले. तीन आठवड्यांनी त्याचा वेग ३४ टक्क्यांनी घटला.

पाच रुग्णांवरून उपचार सिद्ध होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगावयास हवे. कवटीला छिद्र पाडण्याची ही शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका तीत असतो. मेंदूच्या दुखापतीसाठी ती आजही प्रयोगाच्याच पायरीवर आहे.

शस्त्रक्रियेविना, टाळूवर पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअर इतकी अत्यल्प वीज देण्याचीही पद्धत आहे. बेल्जियममधील लीज येथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्धवट शुद्धीतील ३० रुग्णांपैकी १३ जणांत एकाच बैठकीनंतर जाणिवेची नवी चिन्हे दिसली. परंतु तो परिणाम अल्पकाळाचा होता. (मनोविकारात देतात तो विजेचा झटका तो हा नव्हे.) अशी यंत्रे घरबसल्या विकत मिळतात आणि त्यांच्या जाहिराती वाटेल ते सांगतात. ज्याच्या कवटीचा तुकडा काढला आहे, आत धातूची पट्टी आहे किंवा ज्याला फिट येतात, त्याने तर मेंदूविकारतज्ज्ञास विचारल्यावाचून त्यांना हातही लावू नये. त्या तज्ज्ञाकडे जाताना रुग्णाबरोबर घरातील एकाने अवश्य जावे. काय जमते नि काय जमत नाही, याची महिनाभराची टिपणवही सोबत न्यावी, कारण तपासणीच्या दहा मिनिटांत रुग्ण बहुधा ‘मी बरा आहे’ एवढेच सांगतो.