दगडांचं जाळं

बर्कहून ब्रेवॉरिनाला जाणारा रस्ता शंभरेक किलोमीटरचा, आणि त्यात वळण म्हणावं असं वळण नाही. दोन्ही बाजूंना माळ, खुरटी झुडपं, मधूनच कुंपणालगत धावणारे एमू. सिडनीपासून वायव्येला जवळपास आठशे किलोमीटर आत आलेले असतो आपण. शेजारून नदी वाहते आहे, हे गाडीतून कळतं ते लांबवर दिसणाऱ्या निलगिरीच्या उंच झाडांमुळे. इतकी मोठी झाडं इथं नदीकाठ सोडून सहसा दिसत नाहीत.

ही बार्वन नदी. ब्रेवॉरिना आणि बर्कच्या मधे तिला कल्गोआ मिळते आणि तिथून पुढे तिचं नाव होतं डार्लिंग. ब्रेवॉरिना गाव लहानसं, एका फेरीत संपणारं. लोक इथवर येतात ते नदीच्या पात्रात काय आहे ते बघायला.

"मामा, हे तर नुसते दगड आहेत," काठावर उभी राहून भाची म्हणाली. पहिल्या नजरेत तसंच वाटतं. पाणी गढूळ, दुधाळ चहाच्या रंगाचं, आणि त्यात इकडेतिकडे दगडांच्या राशी. पण नजर स्थिरावली की राशींना आकार येतो. एक भिंत कमानीसारखी वळून दुसरीला भिडते, मधे थेंबाच्या आकाराचं डबकं तयार होतं, त्याला एक अरुंद तोंड. त्याच्या पलीकडे दुसरं डबकं, मग तिसरं. पात्रात जवळजवळ अर्धा किलोमीटर हे असंच चालू राहतं. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड, आणि वरच्या थरात नेमक्या जागी पाचर मारल्यासारखा बसवलेला एखादा मोठा धोंडा, खालच्यांना जखडून ठेवणारा.

या मासेसापळ्यांचे राखणदार न्गेम्बा लोक. त्यांच्या परंपरेत हे काम बायामी या आदिपुरुषाचं आहे. त्यानं नदीवर आपलं जाळं पसरलं आणि त्याच्या दोन मुलांनी त्या नक्षीबरहुकूम दगड रचले. कोणतं डबकं कोणत्या कुटुंबानं सांभाळायचं, हे ठरलेलं असे. आसपासच्या इतर जमातीही मोठ्या मेळाव्यांसाठी इथं जमत.

सापळा चालतो माशांच्या एका सवयीवर. आपल्याकडे पहिल्या पावसात ओहोळांत चढणीचे मासे येतात, तसंच इथंही घडतं. पाणी वाढलं की गोल्डन पर्च प्रवाहाच्या उलट दिशेनं वर निघतो. पुरात अंडी घालतो, ती अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात, म्हणून मोठ्यांना वर चढावं लागतं. या माशाचा शेकडो किलोमीटरचा प्रवास खुणेच्या पट्ट्या लावून नोंदवलेला आहे. वर चढणारा मासा भिंतीला अडतो, कडेकडेनं वाट शोधतो आणि उघड्या तोंडातून डबक्यात शिरतो. मग दोन-चार दगड सरकवून तोंड बंद करायचं. आत मासा जिवंतच असतो; लागेल तेव्हा, लागेल तेवढा काढायचा.

खरी करामत भिंतींच्या उंचीत आहे. त्या सगळ्या एका पातळीच्या नाहीत. ही नदी भलतीच लहरी. १८८५ ते १९६० या काळात डार्लिंग किमान ४५ वेळा वाहायची थांबली, आणि पूर आला की हेच पाणी सपाट मैदानावर मैलोन्‌मैल पसरतं. अशा नदीत एकाच उंचीची भिंत वर्षातले मोजके दिवस उपयोगी पडली असती. इथं पाणी चढेल तशी खालची डबकी बुडतात आणि वरची कामाला लागतात. पुरात भिंती टिकतात त्या बुटक्या आणि सच्छिद्र असल्यामुळे. पाणी फटींतून आणि माथ्यावरून जातं. भिंत पूर्ण बुडाली की दोन्ही बाजूंच्या पातळीत फारसा फरक उरत नाही आणि दाबही कमी होतो. तरी दगड निसटतातच. दुरुस्ती हा बांधकामाचाच भाग होता.

याच दुरुस्तीमुळे वय सांगणं अवघड झालं. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत '४० हजार वर्षं' हा आकडा सर्रास भेटतो. मला तो उत्साहाचा वाटतो. दगड कधी रचला हे कार्बनपद्धतीनं कळत नाही; त्यासाठी लाकूड, कोळसा, हाड असं काहीतरी सेंद्रिय हवं, आणि तेही जागचं न हललेलं. पुरानं धुतलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा रचलेल्या भिंतीत ते मिळायचं कुठून? रचना फार जुनी आहे, एवढं नक्की. २००५ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आली.

तोवर बरंच नुकसान होऊन गेलं होतं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीतून बोटींना वाट करून देण्यासाठी आणि घरांच्या पायांसाठी दगड उचलले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावाच्या पाण्यासाठी सापळ्यांच्या वरच्या टोकाला काँक्रीटचा बंधारा आला. एक सलग भिंत, एकच उंची. मोठा पूर आल्याशिवाय चढणीच्या माशाला तो ओलांडता येईना. शेवटी २०१२ मध्ये बंधाऱ्याला बगल देणारी माशांसाठीची वाट बांधण्यात आली. शिवाय वरच्या अंगाला कापसाच्या शेतीसाठी पाणी उचललं जातं. त्यामुळे मासा ज्या लहान-मध्यम लोंढ्यांच्या इशाऱ्यावर निघतो, तेच कमी झालेत.

भाचीला मासा काही दिसला नाही. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं, म्हणूनच भिंती इतक्या स्वच्छ दिसत होत्या. सापळे खरे कामाला लागतात ते पाणी चढल्यावर, आणि तेव्हा काठावरून बघणाऱ्याला वाहत्या पाण्याशिवाय फारसं काही दिसत नाही. "मग आपण पुरात येऊ या," असं तिनं सुचवलं. तिची आई म्हणाली, आधी उजेड आहे तोवर बर्कला पोचू. संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात.