शहर कोणाच्या मापाने?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गोंदिया हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. तोवर या गावाची ओळख भातगिरण्यांचे आणि विडीच्या व्यापाराचे गाव, हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन, अशी होती. आता कचेरी, कोर्ट, दवाखाना, कॉलेज या साऱ्यांसाठी देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावची माणसे इथे येतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३३ हजार आणि जिल्ह्याची १३ लाख २२ हजार भरली. म्हणजे शहरातल्या एका माणसामागे जवळजवळ नऊ माणसे शहराबाहेरची आहेत. त्यांनाही कधी ना कधी या शहराची पायरी चढावी लागते. शहर नुसते घरपट्टी भरणाऱ्यांचे नसते, ते या नऊ जणांचेही असते.

पण शहर बांधताना आपल्या डोळ्यांसमोर माणूस कोणता असतो? बहुधा तिशी-पस्तिशीचा, धडधाकट, मोटरसायकलवर बसलेला पुरुष. रस्ते त्याच्यासाठी रुंद होतात, पूल त्याच्यासाठी बांधले जातात. गोंदियासारख्या गावाचे रेल्वेच्या रुळांनी दोन भाग केले आहेत. इकडे बाजारपेठ, पलीकडे रेलटोली. अशा गावात पुलाचा विषय निघाला की आपण प्रथम वाहनांचे बोलतो. डोक्यावर पाटी घेतलेली बाई पलीकडे कशी जाईल, हा प्रश्न मागाहून येतो, आला तर.

बँकेच्या नोकरीत माझ्या वाट्याला पेन्शनच्या आणि निराधार योजनांच्या रांगा भरपूर आल्या. श्रावणबाळ योजनेचे पैसे घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या बाया सकाळच्या पहिल्या गाडीने येत आणि दुपार टळेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहत. शाखेत पाण्याचा माठ होता. पुरुष येता-जाता पाणी पीत, बाया मात्र माठाकडे फिरकत नसत. एकीला मी विचारले, ‘‘आजी, उन्हाची आली आहेस, पाणी पी ना.’’ ती म्हणाली, ‘‘पानी पेली का मंग जागा पाहा लागते सायेब. कायले पेऊ?’’

शहररचनेवर मी पुढे काही पुस्तके वाचली, पण इतका नेमका शेरा मला कुठे आढळला नाही. सकाळी घर सोडलेली बाई संध्याकाळी घरी परतेपर्यंत तहान मारते, कारण साऱ्या बाजारात तिच्यासाठी आडोसा नाही. यातून मूत्रमार्गाचे आजार जडतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. मुंबईत २०११ मध्ये स्वयंसेवी संस्थांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली, तेव्हा मागणी साधीच होती: पुरुषांना मुतारी फुकट, मग बाईकडून पैसे का? नाव ऐकून अनेकजण हसले. तहान मारून घरी जाणाऱ्या बाईला त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

शहर चांगले की वाईट हे कसे ओळखावे? विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधल्या चौकांचे बारकाईने चित्रीकरण केले आणि १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. त्यातला एक निष्कर्ष वाचून प्रथम हसू येते: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात! पण हे न कळल्यामुळेच लाखो रुपयांचे चौक ओस पडतात. त्याचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. एखाद्या जागी बायांचे प्रमाण कमी दिसले, तर त्या जागेत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. ही फूटपट्टी आपल्या कोणत्याही चौकाला लावून पाहा. पानठेल्यापाशी, चहाच्या टपरीपाशी, कारंज्याच्या कठड्यावर किती बाया निवांत बसलेल्या दिसतात? त्या दिसतात त्या चालताना, लगबगीत. थांबण्याचा हक्क जणू पुरुषांचाच.

नियम नाहीत असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी चालायला मोकळी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको. दीडशे मिलिमीटर म्हणजे साधारण वीतभरापेक्षा कमी. म्हातारीचा गुडघा तेवढेच सोसतो, म्हणून हा आकडा. आपल्याकडे मात्र नालीवर फरशा टाकल्या की पदपथ झाला. त्यातली एखादी फरशी गायब, एखाद्या ठिकाणी विजेचा खांब, पुढे दुकानाची पायरी. माणूस मुकाट्याने रस्त्यावर उतरतो.

या अडचणींचे खापर बहुतेक वेळा भाजीवाल्यांवर फुटते. वास्तविक संध्याकाळी रस्त्यावर दिवा आणि माणूस असतो तो त्यांच्यामुळेच. त्यांच्या भरवशावर मुली क्लासहून घरी येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरोशहरी पथविक्रेता समिती नेमून, तीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायांना देण्याची तरतूद केली. चालणाऱ्याला वाट आणि विकणाऱ्याला जागा, ही सांगड घालता येते. त्यासाठी आखणी करताना दोघांनाही बोलवावे लागते, एवढेच.

आणि आखणीची अक्कल आपल्याला परदेशातूनच आणायला हवी असेही नाही. झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची मंडई आठवा. तिचा नकाशा कोणी इंजिनिअर काढत नाही. पण सावली पाहून दुकाने लागतात, दंडार पाहायला मोकळे अंगण राहते, माहेरी आलेल्या लेकी मैत्रिणींशी बोलत कितीही वेळ उभ्या राहतात, म्हाताऱ्यांना पारावर जागा मिळते आणि पोरे सगळ्यांच्या नजरेत खेळतात. मोठमोठ्या ग्रंथांत ‘सर्वसमावेशक जागा’ म्हणून जिचे वर्णन असते, ती आपल्या गावकुसात वर्षातून एकदा आपोआप उभी राहते. शहरात येताना आपण पार तेवढा मागे ठेवून आलो.

खर्चाचा प्रश्न निघेलच. आमच्या शाखेत काउंटर इतके उंच होते की म्हाताऱ्या बायांना टाचा उंचावून अंगठा द्यावा लागे. आम्ही अडगळीतले एक टेबल आणि दोन खुर्च्या बाहेर मांडल्या आणि पेन्शनच्या दिवशी एक कारकून तिथे बसवला. खर्च शून्य. गंमत म्हणजे रांगही लवकर संपू लागली, कारण धडधाकट लोकांचा खोळंबा थांबला. दुबळ्यासाठी केलेली सोय सगळ्यांच्याच उपयोगी पडते. उतार चाकाच्या खुर्चीसाठी करावा, आणि त्यावरून बाबागाडी, सायकल, तांदळाच्या कट्ट्याची हातगाडी, सगळे जाते.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या या बायांनी एकच करावे. वाहन घरी ठेवून, एखाद्या साठी उलटलेल्या बाईचा हात धरून, स्टेशनापासून कचेरीपर्यंत भर उन्हात चालत जावे आणि वाटेत दोन पेले पाणी प्यावे. कुठे बसावेसे वाटले, कुठे पाय अडखळला, कुठे जागा शोधावी लागली, तेवढे वहीत लिहावे. शहर सुधारण्याचा याहून चांगला आराखडा कोणताही सल्लागार देऊ शकणार नाही.