विश्लेषण : घरच्या घरी ताज्या फळांची मार्गारिटा… प्रमाण किती, परवाना कोणता?

मेक्सिकोची मार्गारिटा माजिवड्यातील एखाद्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातही उत्तम जमते. जांभळी नाक्याच्या मंडईत मिळणारी फळे त्यासाठी पुरेशी आहेत. मात्र फळांच्या गोडव्यात मद्याची चव लपते आणि नेमके किती प्यायलो हे लक्षात येत नाही. त्यामुळे चवीइतकेच मापही महत्त्वाचे ठरते.

मूळ मार्गारिटात काय असते?

टकिला, संत्र्याच्या सालीपासून बनवलेले ट्रिपल सेक हे गोड मद्य आणि लिंबाचा रस. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत हे प्रमाण अनुक्रमे 50, 20 आणि 15 मिली आहे. तिन्ही बर्फासोबत हलवून, कडेला मीठ लावलेल्या ग्लासात गाळतात.

रस ताजाच हवा. दोन कागदी लिंबांतून साधारण 25 ते 30 मिली रस निघतो. साल जोरात दाबली गेली तर कडवटपणा उतरतो. रस काढून बरेच तास ठेवल्यासही चव बदलते.

टकिलाच हवी का?

टकिला हे नाव मेक्सिकोतील ठरावीक भागात, निळ्या अगेव्हपासून बनलेल्या मद्यालाच लावता येते. अगेव्ह म्हणजे आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातील वनस्पती. दख्खनच्या पठारावरील अशाच घायपातापासून डेस्मंड नाझरेथ यांनी ‘डेस्मंडजी’ हे भारतीय मद्य तयार केले. अशा मद्याला टकिला म्हणता येत नसले, तरी मार्गारिटासाठी ते चालते.

ट्रिपल सेक नसेल तर?

एक वाटी साखर, एक वाटी पाणी आणि नागपुरी संत्र्याची साल (आतला पांढरा भाग काढून) पाच मिनिटे उकळावी. गार झाल्यावर गाळून ठेवावे. हा पाक 20 मिली वापरला की संत्र्याचा स्वाद येतो आणि मद्याचे प्रमाणही कमी होते.

कोणत्या फळाला कसे प्रमाण?

फळ स्वतःची गोडी किंवा आंबटपणा घेऊन येते, म्हणून पाक आणि लिंबू त्यानुसार बदलावे. खालील प्रमाण 50 मिली मद्यासाठी आहे.

हापूस : 60 मिली रस, 25 मिली लिंबूरस. पाक जवळपास नकोच.

कोकम : चार-पाच आमसुले अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावीत. ते पाणी 40 मिली, लिंबूरस 10, पाक 25. कडेला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. आगळ वापरल्यास मीठ लावू नये, त्यात ते आधीच असते.

जांभूळ : आठ-दहा जांभळांचा गर, लिंबूरस 15, पाक 20. कडेला काळे मीठ. तुरटपणा वाढू नये म्हणून गर हलक्या हाताने कुस्करावा.

पेरू : गुलाबी पेरूचा गाळलेला गर 60 मिली, लिंबूरस 20, पाक 15. कडेला तिखट-मीठ.

मिक्सरमधून फिरवलेली ‘फ्रोझन’ मार्गारिटा हवी असल्यास फळांच्या फोडीच गोठवाव्यात. नुसत्या बर्फाने पेय पाणचट होते. थंडीमुळे गोडवा कमी जाणवतो, म्हणून पाक चमचाभर वाढवावा.

एका ग्लासात मद्य किती?

42.8 टक्क्यांचे 50 मिली मद्य आणि 40 टक्क्यांचे 20 मिली ट्रिपल सेक मिळून सुमारे 23 ग्रॅम अल्कोहोल होते. म्हणजे पाच टक्क्यांच्या 650 मिली बीअरच्या बाटलीपेक्षा किंचित कमी. चव सरबतासारखी लागली तरी हिशेब हाच. म्हणून अंदाजाने न ओतता मापाने ओतावे.

वाहन चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एका मार्गारिटानेही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे माजिवड्याहून घोडबंदर किंवा डोंबिवलीला परतणाऱ्या पाहुण्यांनी रिक्षा-टॅक्सी केलेलीच बरी.

घरी पिण्यासाठीही परवाना लागतो?

होय. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत, वार्षिक 100 रुपयांत, तर आजीवन परवाना एक हजार रुपयांत मिळतो. टकिलासारख्या मद्यासाठी वयोमर्यादा 25 वर्षे आहे. 21 वर्षांची मर्यादा फक्त बीअर आणि वाइनसाठी. गोव्यातून परवान्याशिवाय आणलेली बाटली महाराष्ट्रात गुन्हा ठरते.

न पिणाऱ्यांसाठी काय?

मद्याऐवजी 60 मिली सोडा घ्यावा, बाकी कृती तीच ठेवावी. कोकम आणि पेरू यात विशेष खुलतात. दोन्ही पेये एकाच टेबलावर असतील तर ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवावेत, म्हणजे मुलांच्या हाती चुकीचा ग्लास जाणार नाही.