सहीपेक्षा कागद खरा

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात बोहेमियातल्या एका काच कारखान्याला ग्राँ प्री मिळालं, आणि पुढे त्या एका नावानं शेजारच्या सगळ्यांना गिळून टाकलं. हा कारखाना शुमावाच्या डोंगराळ भागातल्या क्लोस्टरम्यूल गावचा, ‘योहान लोएट्झ विटवे’. 1879 मध्ये लोएट्झच्या घरातला नातू माक्स फॉन श्पाउन मालक झाला आणि चित्र पालटलं. तापलेल्या काचेवर धातूच्या क्षारांची वाफ देऊन आणलेली ती मोरपिशी झळाळी अमेरिकेत टिफनीनंही गाजवली होती. श्पाउननं ती युरोपात कमालीच्या सफाईनं केली.

गोची अशी की बहुतेक माल सही न करताच बाहेर पडला. निर्यातीच्या काही नगांच्या तळाशी ‘लोएट्झ ऑस्ट्रिया’ कोरलेलं असे, एवढंच. त्याच काळात क्रालिक, रिंडस्कोप्फ, पाल्मे-क्योनिग हे बोहेमियातलेच कारखाने तशीच चमकती भांडी बनवत होते, बरीचशी स्वस्तात. 1911 मध्ये लोएट्झचं दिवाळं निघालं, सावरलेला कारखाना 1947 मध्ये कायमचा बंद झाला. ती आर्ट नूव्हो शैलीच तोवर जुनाट ठरली होती.

1960 च्या दशकात आर्ट नूव्होला पुन्हा भाव आला आणि झळाळती फुलदाणी दिसली की ‘लोएट्झ’ म्हणण्याची चाल पडली. आपल्याकडे जुन्या वाड्यातला आरसा किंवा हंडी ‘बेल्जियम’चीच असते, तसंच हे. सहीला मोल आल्यावर ती नंतर कोरणारेही निघाले. म्हणून मी तरी सहीकडे शेवटी बघतो.

खरा उलगडा कागदानं केला. 1986 मध्ये व्हिएन्नाच्या वाल्ट्राउड न्यूवर्थ यांचं ‘लोएट्झ ऑस्ट्रिया 1900’ हे पुस्तक आलं. पाठोपाठ 1989 मध्ये हेल्मुट रिके यांच्या संपादनाखाली दोन खंड निघाले. त्यातला दुसरा खंड म्हणजे कारखान्याच्या कापीव कागदी नमुन्यांची सूची. भांड्याच्या बाह्यरेषेचा नमुना, त्याला क्रमांक, काहींवर कोणती सजावट करायची त्याच्या नोंदी. तळ, मान, ओठ या रेषेशी जुळवून पाहायचे, मग ‘पापिलॉं’सारख्या ज्ञात सजावटींशी रंग आणि ठिपके ताडायचे. या झडतीत बऱ्याच फुलदाण्यांची लोएट्झपदं गेली. अंगावर काचेच्या धाग्यांचं जाळं गुंडाळलेल्या कितीतरी नगांवर आता पाल्मे-क्योनिगचं नाव लागतं.

तरी कागद सर्वज्ञ नाही. सगळे नमुने टिकलेले नाहीत, त्यामुळे जुळला नाही म्हणून नग बाद होत नाही. आणि गाजलेला घाट शेजारी उचलणारच, त्यामुळे नुसती रेषा जुळून भागत नाही. अतिनील दिव्याखाली हिरवी चमकणारी युरेनियम काच तर निर्मात्याबद्दल काहीच सांगत नाही. ती त्या काळी बोहेमियातले बरेच कारखाने वापरत.

मला स्वतःला पायउतार झालेल्या फुलदाण्या जास्त आवडतात. त्यांतल्या क्रालिकच्या काही निळ्या-जांभळ्या नगांचं काम अव्वल आहे. पण क्रालिकच्या बाबतीत इतका भरघोस कागद हाती नाही. तिथे अजूनही एक खात्रीचा नग धरून त्याच्या साच्याशी, सजावटीशी दुसरा जुळवत जावं लागतं.