दुसरे अपत्य : हिशेब कोणी मांडावा?

चाळिशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्या अपत्याचा विचार करावा की नाही, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांतून आता वरचेवर ऐकू येतो. उशिरा झालेला विवाह, घराचे हप्ते, नोकरीतील बदल्या यांत पहिली दहा-बारा वर्षे सरतात. थोडी स्वस्थता लाभली की वडीलधारे विचारतात, "एकटीला सोबत नको का?" प्रस्तुत लेखकाच्या घरीही गेले वर्षभर हा प्रश्न मुक्कामाला होता. मुलगी बारा वर्षांची, शिक्षिका असलेली पत्नी एकोणचाळीस वर्षांची. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने अशा वेळी कागद घेऊन आकडेमोड करावी, हे ओघानेच आले.

पहिला हिशेब वयाचा. आज मी ४४ वर्षांचा आहे. पुढील वर्षी मूल झाले, तर ते दहावीच्या सुमारास असताना, साठाव्या वर्षी, मी निवृत्त होईन. दुसरा हिशेब शरीराचा. डाउन सिंड्रोमची शक्यता पंचविशीतील मातेच्या बाबतीत हजारात एकाहूनही कमी असते, चाळिशीत ती सुमारे शंभरात एक होते. रक्तदाब व मधुमेह यांचे भयही वाढते. अर्थात, ही जोखीम म्हणजे मनाई नव्हे. बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात.

समाजाच्या हिशेबाचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ आहेत, लोकसंख्या स्थिर राहण्यास सुमारे २.१ लागतात. १९५२ पासून शासनाने छोट्या कुटुंबाचा पाठ दिला, तर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी अधिक अपत्यांचा पुरस्कार केला. धोरणे अशी पालटतात. रात्री उठून बाळाला घेणारे हात मात्र तेच राहतात. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातील प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. सत्ताविसाव्या आठवड्यापासून काय, याचे उत्तर बहुतेक घरांत आजी किंवा आईचा राजीनामा हेच असते.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारणे प्राप्त आहे. पहिला मुलगा असता, तर नातलगांचा आग्रह एवढाच राहिला असता काय? भावंडाच्या सोबतीचा युक्तिवाद मला खरोखरच पटतो. परंतु त्याच्या आड वंशाच्या दिव्याची आस असेल, तर ती सोबत मुलीला महागात पडते.

एका रात्री पत्नीने माझा कागद वाचला. शाळेची फी, विमा, भविष्यनिर्वाह निधी, सारे त्यात होते. तिने शांतपणे विचारले, "यात माझा रकाना कुठे आहे?" तिचे शिकवणे, तिची झोप, नुकतीच मिळालेली पदोन्नती यांपैकी काहीच मी धरले नव्हते. संधी खर्च ही संकल्पना मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे.

तिने नकार दिला. माझी इच्छा होती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. ती रुखरुख काही काळ राहील. उद्या एखाद्या घरी चाळिशीतील स्त्रीने आनंदाने होकार दिला, तर ते मूलही तितक्याच आनंदाने यावे. मात्र तिला वय सुनावण्यापूर्वी अथवा सोबतीची आठवण करून देण्यापूर्वी, तिला स्वतःला काय हवे आहे, हे आपण आधी विचारावे. आमच्या घरी तो प्रश्न वर्षभर उशिरा विचारला गेला.