जड बुडाचे पातेले

गेल्या पौषात आमच्या घरी आठ दिवसांत तीनदा दूध खाली लागले. तिसऱ्या खेपेस आईने गॅस बंद केला, पातेले मुकाट्याने सिंकमध्ये ठेवले आणि पदराला हात पुसत मला म्हणाली, "आता दुधाकडे तू बघत जा. माझा हात गेला."

दूध करपणे ही दिवाळी अंकातून चारचौघांना सांगण्यासारखी घटना नव्हे, हे मलाही कळते. परंतु आईचे वय एक्याऐंशी. आमच्या जुन्या वाड्यात मुंजीबारशांच्या पंगतींसाठी दहा-दहा लिटर दुधाची बासुंदी तिने एकटीने आटवलेली आहे, आणि ती करपल्याची आठवण आमच्या अख्ख्या भाऊबंदकीत कोणाला नाही. भाऊबंदकी असल्या गोष्टी विसरत नसते. अशा बाईने 'हात गेला' म्हणावे आणि नुसते म्हणून न थांबता एकेक काम सोडून द्यावे, हे मला बरे दिसेना. आधी तिने दूध सोडले, मग शिरा, मग पिठले. संक्रांतीच्या सुमारास ती दिवाणखान्यात खुर्चीवर बसून वर्तमानपत्रातील कोडी सोडवू लागली. कोडी तिला मुळीच आवडत नाहीत.

माझे कॉलेज सकाळचे आणि पत्नीची बँक सायंकाळपर्यंतची. त्यामुळे दुपारचे स्वयंपाकघर माझ्याकडे आले. मी मराठी शिकवतो. धातूंशी माझा संबंध आजवर धातुसाधितांपुरता. पण पंधरवड्यात माझ्याही हातून दोनदा दूध लागले, तेव्हा पत्नीने पातेले उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, "अहो, आईंचा हात कसला जातोय! हे पातेलं बघा, पत्रा आहे नुसता."

झाले. दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानात उभा होतो. दोन पातेली जवळजवळ एकाच मापाची. एक तीनशे साठ रुपयांना, दुसरे दोन हजार दोनशेला. दोन्ही पांढरी, दोन्ही चकचकीत, दोन्ही 'स्टीलची'. एवढ्या फरकात आहे तरी काय, असे मी विक्रेत्याला विचारले. "सर, हे ट्रायप्लाय आहे," असे तो म्हणाला, आणि त्यापुढे त्यालाही काही सांगता येईना. मी रिकाम्या हाताने परतलो. मात्र त्या 'काय'चा पिच्छा काही सुटला नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. वाड्यात असताना आमच्याकडे दूध पितळी पातेल्यात तापे. आतून कल्हई, बाहेरून चिंचेने घासलेले, आणि बूड असे जड की रिकामे पातेले उचलतानाही मनगटाला कळावे. २००९ साली आम्ही कोथरूडला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा चौतीस किलो पितळ मी मोडीत घातले. पातेली, पराती, दोन कढया, एक घंगाळ, सगळे एका दुपारी गेले. आलेल्या पैशांत आणखी थोडी भर घालून कपडे धुण्याचे यंत्र घेतले. आईने तेव्हा चकार शब्द काढला नाही. एक पातेले तेवढे मागे राहिले, कारण त्याच्यावर आजीचे नाव कोरलेले होते. त्यात आम्ही विजेची बिले ठेवतो.

पितळेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पितळ घासताना हातांची काय दशा होते हे आईला विचारावे. कल्हई उडालेल्या भांड्यात चुकून ताक राहिले की कळकले. मग कल्हईवाल्याची वाट पाहायची. तो आला की भाता, नवसागराचा धूर आणि कापसाच्या बोळ्याने तापल्या भांड्यात फिरणारे कथील. आम्हां पोरांना ती जत्रा वाटे. बायकांच्या लेखी तो खर्च होता, आणि दर काही महिन्यांनी यायचा. शिवाय कथील २३२ अंशांनाच वितळते. कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर विसरलात की कल्हई गेलीच म्हणून समजा. तेव्हा दारावर आलेल्या बोहारणीला दोन जुनी जरीची लुगडी देऊन आईने पहिला स्टीलचा डबा घेतला, त्या दिवशी तिला जो आनंद झाला तो अगदी रास्त होता. स्टीलला कल्हई नको. आंबट त्याला बाधत नाही. चिंच-राखेची जागा मुठीएवढ्या साबणाने घेतली.

पण स्टीलचा एक जन्मजात दोष आहे, आणि तो त्याच्या चकाकीखाली झाकला जातो. १९१३ साली इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रीअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून पाहत होता, तेव्हा त्याला न गंजणारे पोलाद सापडले. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो सुऱ्याकाट्यांसाठी. सुरीला उष्णता वाहून न्यावी लागत नाही. पातेल्याला लागते. तांब्यातून उष्णता जितकी वाहते तिला शंभर धरले, तर ॲल्युमिनियम सुमारे साठ, पितळ तीसच्या आसपास, बीड बारा-तेरा, आणि स्टेनलेस स्टील जेमतेम चार! म्हणजे पातळ स्टीलच्या पातेल्याखाली ज्योत जेथे लागते तेथेच ते भाजते, आणि चार बोटांवर त्याला त्याची वार्ताही नसते. कोळशाच्या शेगडीचा जाळ निदान पसरट आणि मंद असे. गॅसची ज्योत कडे करून एकाच जागी लागते. दुधातली प्रथिने तळाशी बसतात, आणि नेमकी त्या कड्यावर करपतात.

दुकानातले ते दोन हजारांचे पातेले म्हणजे या दोषावरचा उतारा. आत स्टील, बाहेर स्टील, आणि मधोमध बुडापासून काठापर्यंत ॲल्युमिनियमचा थर. उष्णता पसरवायची ॲल्युमिनियमने, आणि अन्नाशी संबंध ठेवायचा स्टीलने. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील धातुतज्ज्ञ जॉन युलम याने असे धातू एकमेकांवर दाबून जोडण्याचे तंत्र घरगुती भांड्यांत आणले. त्याची 'ऑल-क्लॅड' कंपनी १९७१ची. त्याआधी हेच थर जोडण्याचे काम तो नाण्यांसाठी करीत होता; १९६५ साली तिकडच्या नाण्यांतली चांदी कमी करून थरांची नाणी पाडू लागले होते. पुढे तेच तंत्र चुलीवर चढले.

हे सगळे वाचून झाले तरी पुस्तकी ज्ञानावर दोन हजार रुपये टाकायला मास्तरचा हात धजत नाही. शेजारच्या बाईंकडे तसले पातेले होते, ते मी तासाभरासाठी मागून आणले. विजेची बिले काढून आजीचे पितळी पातेले घेतले. तिसरे आमचे करपणारे. तिन्हींत तळ झाकेल इतकी कोरडी कणीक पसरली आणि एकाच शेगडीवर, एकाच आचेवर, आळीपाळीने ठेवली. ही परीक्षा कोणालाही घरी करता येईल; खर्च मूठभर कणकेचा.

आमच्या पातेल्यात दोन-तीन मिनिटांतच कणकेवर तपकिरी कडे उमटले. ज्योतीचे जणू छायाचित्रच. कडे काळे पडून धूर येऊ लागला तरी काठाजवळची कणीक पांढरीच. शेजारच्या पातेल्यात मात्र कणीक सावकाश, पण सगळीकडे सारखी बदामी होत गेली. पितळेतही जवळजवळ तसेच झाले.

कणीक भाजल्याचा वास आला म्हणून आई कोडे टाकून आत आली होती. तिने तिन्ही पातेल्यांत वाकून पाहिले. पहिल्यातले काळे कडे तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे हे असं आहे होय!" आणि थोड्या वेळाने, जराशा रागाने, "आणि मी आपली तीन महिने..." वाक्य तिने पुरे केले नाही. मी चौतीस किलोंचा विचार करीत होतो.

मग महाग भांडी घ्यावीत काय? माझे उत्तर असे की, एखाद-दुसरे जरूर घ्यावे. संच कदापि घेऊ नये.

कारण आपल्या निम्म्या स्वयंपाकाला भांड्याच्या जातीशी कर्तव्यच नसते. आमटी, कढण, रस्सा, बटाटे उकडणे, या सगळ्यांत पाणी असते, आणि पाणी असेतोवर भांड्याचे तापमान उकळीपलीकडे फारसे जात नाही. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या गावी ती उकळी अठ्ठ्याण्णव अंशांनाच येते. उष्णता सारखी करण्याचे काम पाणी फुकट करते. त्यासाठी दोन हजार कशाला मोजायचे? कुकरमधला वरणभात तर वाफेवर शिजतो. आतला डबा कसला आहे याची तांदळाला पंचाईत नाही. माझ्या माहितीतल्या एका सुशिक्षित घरात सात भांड्यांचा ट्रायप्लाय संच आहे. पैकी तिघांत पाणी उकळते आणि दोन माळ्यावर असतात.

जेथे पाणी आटत जाते किंवा मुळात नसते, तेथे मात्र बूड बोलते. दूध, खीर, शिरा, पिठले, परतून करायची भाजी, पाकातले लाडू. यांच्यासाठी एक जाड पातेले आणि एक जाड कढई घरात असावी, आणि तिला पैसे मोजताना कुरकुरू नये. तेथेही नावापेक्षा वजन विचारावे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांच्या नादात चाललेली खरेदी मला म्हणूनच आवडते. पितळ तेथे तराजूत पडते, आणि तुम्ही पैसे धातूला देता. तळाला जाड चकती जोडलेले स्टीलचे भांडे ट्रायप्लायच्या मानाने स्वस्त मिळते, आणि ज्योत चकतीबाहेर जाऊ दिली नाही तर चांगले काम देते. तळाला तांब्याचा मुलामा दिलेली पातेली एके काळी घरोघरी होती. त्यातला मुलामा इतका पातळ असे की उष्णतेपेक्षा घासणारीलाच त्याचा ताप अधिक.

तव्याच्या बाबतीत श्रीमंती उलटी आहे. बिडाचा तवा थोडक्या पैशांत येतो, तेल पीत पीत सुधारतो, आणि घावन-आंबोळीला त्याच्या तोडीचे काही नाही. न चिकटणाऱ्या तव्याचा लेप मात्र, तुम्ही किती का पैसे टाकाना, काही वर्षांत जायचाच. आणि २६० अंशांपलीकडे तो बिघडू लागतो. तेव्हा तो घ्यायचाच तर साधा घ्यावा, मंद आचेवर वापरावा आणि खरवडला की टाकून द्यावा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मेहुण्याने परदेशाहून बिडाचे, आतबाहेर मुलामा दिलेले, शेंदरी रंगाचे एक देखणे भांडे आणून दिले. झाकणासकट पाच किलो! रस्सा त्यात सुरेख होतो, आणि झाकले की तासभर गरम राहतो. पण आईने ते एकदा दोन्ही हातांनी उचलून पाहिले आणि खाली ठेवून म्हणाली, "याला भोई लागतील." एक्याऐंशी वर्षांच्या मनगटाला न पेलणारे भांडे, मग ते कितीही उत्तम असो, त्या घरात महागच. मी तांबट आळीतून नवे पितळी पातेले आणणार होतो, तो बेत याच कारणाने सोडला. मध्ये ॲल्युमिनियम असल्याने ट्रायप्लाय त्या मानाने हलके. काठ रुंद, सांडशीत नीट बसतो. ते लांब दांड्याचे प्रकार आपल्या शेगडीवर शेजारच्या बर्नरशी भांडतात.

तर अखेर तीन लिटरचे एक पातेले घेतले. आईला किंमत आठशे रुपये सांगितली. पावती पत्नीच्या पर्समध्ये होती. ती आईला कशी सापडली हे आजवर कळलेले नाही. दोन दिवस अबोला, आणि मग एका दुपारी मी कॉलेजातून येतो तो आई ओट्याशी उभी, पातेल्यात दूध, हातात उलथने. नवे पातेले असूनही दूध ओतण्याआधी तिने ते पाण्याने विसळून घेतले होते. ही तिची जुनी रीत.

भाऊबीजेला तिने दोन लिटरची बासुंदी आटवली. पातेले उतरवायला तेवढे मला हाक मारली. माझी मुलगी आणि बहिणीचा मुलगा चमचे घेऊन आधीच बसले होते, कारण बासुंदी काढून घेतली की तळाची बदामी खरवड पोरांची, हा आमच्या घरचा कायदा. आईने बासुंदी दुसऱ्या भांड्यात काढली आणि उलथने तळावरून फिरवले. एकदा, दोनदा. काहीच निघेना. तळ आरशासारखा.

आईने पातेले माझ्यापुढे धरले. "दोन हजार दोनशे रुपये," ती म्हणाली, "आणि पोरांना चाटायला खरवड नाही!"